झाडू शाबूत राहिला

सकाळी सात वाजता लांडगिणीनं झाडू धरला नाही.

प्राणिसंग्रहालयात लांडग्यांचं बघणाऱ्या मावशींनी तो नेहमीसारखा गजांतून आत सरकवला होता. पिल्लं झाल्यापासून ती रोज त्याच्यावर तुटून पडायची. काड्यांचा पार भुगा व्हायचा. आज तिनं नुसतं हुंगलं.

“वाचला की झाडू, मावशी!” शेजारचा अस्वलवाला ओरडला. “आता तरी नवा मागू नका.”

“मेल्या, तोंड आवर,” म्हणत मावशी तशाच दवाखान्याकडे धावल्या.

या लांडगिणीला त्यांनीच बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. व्याल्यावर ती त्यांच्याच अंगावर आली, तेव्हा त्यांना रडू कोसळलं होतं. डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं, “अहो, चांगलंच आहे हे. बाळंतपणात शरीरात अशी काही रसायनं वाढतात की आईची भीती कमी होते. पुढं पिल्लांचा वास आणि त्यांचं चोखणं तिचा राग पेटता ठेवतं. ती अंगावर पितात तोवर दूधही टिकतं आणि रागही.” तेव्हापासून तिचे दात दिसले की मावशींचा जीव भांड्यात पडायचा.

मग दोन पिल्लं न्यूमोनियानं गेली. तिसरं परवापासून दवाखान्यात ऑक्सिजनवर होतं.

“आजच सोडा त्याला आईकडे,” मावशी म्हणाल्या.

“अजून धाप लागतेय हो त्याला.”

“उद्यापर्यंत ती आई राहायची नाही, बाई.”

डॉक्टरीणबाईंनी हातमोजे चढवले.

दुपारी लांडगिणीला बाहेरच्या भागात अडवून पिल्लू आत गवतावर ठेवलं आणि मधलं दार उघडलं. ती आली. पिल्लाला हुंगलं, एकदा चाटलं, आणि कोपऱ्यात जाऊन पडली. पिल्लू कुईकुई करत राहिलं.

मावशींनी झाडू गजांवर दाणकन आपटला. “ऊठ गं! तुझं पोर न्यायला आलेय मी. ये की अंगावर!”

लांडगिणीनं कान टवकारले. उठून ती गजांपाशी आली. मावशींनी झाडू पुढं केला.

झाडू नाकानं बाजूला सारून ती मावशींची बोटं चाटू लागली, लहानपणी चाटायची तशी.

मागे पिल्लू ओरडतच होतं. संध्याकाळी कुलूप लावेपर्यंत ते आईच्या अंगावर प्यायलेलं नव्हतं.