उजव्या बुटातला आवाज

आमचे हे छत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवत होते. पोरांना अर्धा मार्क सोडताना ज्यांचा जीव जायचा, त्यांना आता स्वतःला पैकीच्या पैकी हवे होते, तेही चालण्यात.

साखरेनं दोन्ही पावलं बधिर झालेली. उजव्यात खिळा घुसला तरी कळलं नाही, जखम चिघळली आणि करंगळी गेली. पुन्हा जखम झाली तर पाऊलच काढावं लागेल, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं.

चालणं शिकवणाऱ्या मुलीनं उजव्या बुटात एक पातळ तळवा घातला. बोटांखाली भार वाढला की तो वाजायचा. "सर, पायाला कळत नाही ना, मग कानानं ऐकायचं. छोटी पावलं टाका. आणि काकू, तुम्ही दोन्ही पाय रोज बघा हं."

पहिल्या दिवशी घरभर नुसतं टीं टीं. मी म्हटलं, "अहो, ट्रक मागे घेताय का?" ते हसले नाहीत. हट्टाला पेटले होते. वहीत रोजचा आकडा लिहायचे: एक्केचाळीस, तेवीस, नऊ.

रोज सकाळी मी त्यांचं उजवं पाऊल खिडकीशी धरून बोट न् बोट तपासायची. डाव्याला नुसता मोजा चढवायची. त्यानं बिचाऱ्यानं कधी त्रास दिला नव्हता.

गुरुवारी दहा फेऱ्या झाल्या. एकदाही वाजलं नाही.

"अगं, शून्य!" ते खुर्चीत बसत म्हणाले. "लिही वहीत."

मीही खुळ्यासारख्या टाळ्या वाजवल्या. मग त्यांचा उजवा बूट काढला. पाऊल स्वच्छ, कोरडं. डावा मोजा मात्र निघेना. ओढला तर तळव्याला चिकटलेला, ओला. अंगठ्यामागे फोड फुटून लिंबाएवढी जखम झाली होती. उजवा वाजू नये म्हणून यांनी सगळा भार डाव्यावर टाकला होता, आणि डाव्या बुटात वाजायला काहीच नव्हतं.

त्या मुलीनं "दोन्ही" म्हटलं होतं. मी ऐकलं होतं. त्यांच्या पायाला कळत नव्हतं, मला तर डोळे होते! स्वतःचाच राग आला. जखमेवर फडकं दाबून धरलं, चांगलं जोरात. वाटलं, एकदा तरी ओरडतील.

ते चष्मा पुसत होते.

"अगं, लिहिलंस का शून्य?"