एका दुपारची पाहुणी

"आज दार लावूनच घे," मेट्रनबाई म्हणाल्या. बोलताना त्या उगाच पडद्याची घडी सारखी करत राहिल्या, म्हणजे समोर बघावं लागू नये.

"बरं," साहेबांचं तोंड पुसता पुसता टाचणी म्हणाली.

टाचणी हे नाव तिला नर्सिंगच्या शाळेत पडलं होतं. अंगाने काडी, आणि अॅप्रनच्या पट्ट्याला कायम चार टाचण्या लावलेल्या. कुणाचं काही उसवलं की हिच्याकडे धाव. वसतिगृहात तिची आणि मेट्रनबाईंची खाट शेजारी शेजारी होती. शेवटच्या परीक्षेला दोन महिने उरले असताना तिचे वडील गेले. धाकट्या भावंडांसाठी ती घरी गेली, ती परत आलीच नाही. मेट्रनबाई मात्र पायरी पायरीने चढत गेल्या आणि एका मोठ्या इस्पितळाच्या मेट्रन म्हणून निवृत्त झाल्या.

पुढे मेट्रनबाईंच्या यजमानांना, म्हणजे साहेबांना, पक्षाघात झाला आणि घरी आजाऱ्यांसाठी बायका पुरवणाऱ्या ब्यूरोकडून बाई मागवावी लागली. मेट्रनबाईंनी दार उघडलं तर समोर टाचणी. केस पांढरे, हातात जेवणाचा डबा. दोघींच्या तोंडून शब्द फुटायच्या आत मागून सून आली, कोण आहे म्हणून विचारू लागली.

"ब्यूरोच्या बाई आहेत," मेट्रनबाई बोलून गेल्या.

टाचणीने एकदाच त्यांच्याकडे पाहिलं आणि चपला कुठे काढू, असं सुनेला विचारलं.

त्याला आठ महिने झाले. सून तिला मावशी म्हणायची, घरातले सगळेच म्हणायचे. घरात कुणी नसताना एकदा मेट्रनबाईंनी विषय काढला होता. आपली जुनी ओळख कळली तर तुलाच अवघडल्यासारखं होईल, असं त्या म्हणाल्या होत्या. "तसं असेल," एवढंच टाचणी म्हणाली होती. आज सांगू, उद्या सांगू करता करता गोष्ट शिळी झाली, आणि शिळी गोष्ट सांगायला जास्त धीर लागतो. इस्पितळात शंभर नर्सना ओळीत उभं करणाऱ्या बाईपाशी तेवढा नव्हता.

अशात जुन्या मैत्रिणींचं फोनवर ठरलं. चाळीस वर्षं झाली, एकदा भेटू या, आणि घर ऐसपैस म्हणून मेट्रनबाईंकडेच. त्यांना नाही म्हणायला कारण सुचलं नाही. त्यांनी टाचणीला त्या दिवसाची सुट्टी दिली. बदलीची बाई ऐनवेळी आलीच नाही, आणि साहेबांचं कोण करणार म्हणून टाचणीच आली.

पाच जणी आल्या. दोघी काठी टेकत, एक कानाला यंत्र लावून, आणि वसतिगृहात जिला सगळ्या भोंगा म्हणत, ती नेहमीसारखी सगळ्यांच्या आधी आवाजाने आत शिरली. गुडघ्यांची, सुनांची, जुन्या सिस्टरच्या धाकाची उजळणी झाली. मग भोंग्याला आठवलं, की मेट्रनबाईंना टायफॉइड झाला होता तेव्हा टाचणीने अकरा दिवस स्वतःची ड्यूटी करून वर त्यांची केली होती, आणि त्यांचं अंग पुसण्यापासून भांडं देण्यापर्यंत सगळं निस्तरलं होतं.

"कुठे असते गं ती? तुला तरी काही कळलं का?" भोंग्याने विचारलं.

"नाही गं," मेट्रनबाई म्हणाल्या. "पत्ता असता तर बोलावलं नसतं का?"

मधे एक दार होतं, तेही पातळ फळीचं.

थोड्या वेळाने सासऱ्यांना पाणी द्यायला गेलेली सून धावत बाहेर आली. बाबांना ठसका लागलाय, श्वास घेता येत नाहीये. सहाही जणी उठल्या. काठ्या कोचालाच टेकलेल्या राहिल्या. त्या आत पोचेपर्यंत टाचणीने साहेबांना कुशीवर वळवलं होतं, बोटाला फडकं गुंडाळून तोंड मोकळं केलं होतं आणि ओंजळीसारख्या हाताने ती त्यांची पाठ थोपटत होती. ओठांवरचा निळेपणा उतरू लागला होता.

"टाचणी?" भोंगा हळूच म्हणाली. तिचा इतका बारीक आवाज कुणी कधी ऐकला नव्हता.

मेट्रनबाई दारातच थांबल्या.

"मीच," टाचणी म्हणाली आणि हसली. "हिला चकित करावं म्हणून मागच्या दाराने आले, तर यांचा हा प्रकार." बोलता बोलता तिने गळ्यातलं ब्यूरोचं ओळखपत्र पदराखाली सारलं.

सुनेने सासूकडे पाहिलं. मेट्रनबाईंना वाटलं, ती काही बोलली असती तर बरं झालं असतं.

टाचणीला मधोमध बसवण्यात आलं. कुणी केक भरवला, कुणी गालाला हात लावून रडून घेतलं. ती भावंडांचं सांगत होती. एक मास्तर झाला, एक दुकान चालवतो. आठ महिन्यांत ती या कोचावर पहिल्यांदाच बसली होती. चार वाजले. साहेबांची कूस बदलायची वेळ. टाचणीची नजर घड्याळाकडे गेली, ती अर्धी उठली आणि पाहुणी असल्याचं आठवून पुन्हा बसली.

मेट्रनबाईंना ते बघवेना. त्या उठून उभ्या राहिल्या.

"मी खोटं बोलले," त्या म्हणाल्या. "ही आठ महिने रोज इथे येते. यांचं सगळं करते. आणि मी घरात ओळखसुद्धा दिली नाही."

टाचणीने हातातली बशी खाली ठेवली, ओठांना लागलेला केक पुसला आणि आत गेली. मेट्रनबाई तिच्यामागे गेल्या. काय बोलावं ते त्यांनी जुळवायला घेतलं होतं, पण टाचणीच आधी बोलली.

"कशाला सांगितलंस? तुला मोकळं वाटलं असेल," ती म्हणाली. "मी आज पाहुणी होते गं. एवढी एक दुपार."

मग ती पलंगाच्या पलीकडच्या बाजूला गेली आणि चादर दोन्ही हातांनी धरून थांबली. साहेब जड होते. तरी रोज ती हे एकटीच करायची. मेट्रनबाईंनी अलीकडचा काठ धरला. बाहेर पाच जणी होत्या, पण कपबशीचाही आवाज येत नव्हता.

"खांद्याखालून धर," टाचणी म्हणाली. "नुसतं ओढलं की खांदा दुखतो त्यांचा."