लिफ्टच्या भिंतीवरचे अकरा जण

मित्रांनो, माझं सगळं आयुष्य सात मजल्यांच्या एका अरुंद बोळकांडीत गेलं. वर जायचं आणि खाली यायचं, डावं-उजवं मला ठाऊकच नाही. मी एक जुनी लिफ्ट आहे. सरकतं जाळीचं दार, पोलादी पत्र्याच्या भिंती, पितळी कड्या आणि कोपऱ्यात एक लाकडी स्टूल, एवढाच माझा संसार.

माझा जन्म कारखान्यात झाला. चार कारागिरांनी माझे पत्रे ठोकले आणि पाचव्याने मला घासूनपुसून असं चकचकीत केलं की तो माझ्यात बघून भांग पाडायचा. मग मला सुटं सुटं करून या कचेऱ्यांच्या इमारतीत आणलं, पुन्हा जोडलं आणि जाड दोरांना टांगलं. लोकांचा जीव कधीतरी टांगणीला लागतो, माझा पहिल्या दिवसापासून आहे. सुरुवातीला माझं कौतुक मात्र फार झालं. माणसं काम नसताना सातव्या मजल्यावर जाऊन यायची. पुढे कौतुक ओसरलं आणि 'केव्हाचा थांबलोय, येते का ही बया' असं ऐकायची सवय झाली.

माझ्या स्टुलावर तीन लिफ्टमन बसून गेले. मग चौथा आला, आणि ही गोष्ट त्याचीच आहे. सगळे त्याला मामा म्हणत. मामा बोलायला मोजका, पण दार लावायला हळुवार. त्याने माझी जाळी एकदाही आपटली नाही, म्हणून मी त्याला जीव लावला.

मामा फुटबॉलवेडा होता. होता असं म्हणते, कारण तो आला तेव्हा ते वेड विटलेलं होतं. सामना असला की सगळी इमारत कुजबुजायची, कुणी कुणी कामाच्या कागदाखाली रेडिओ लपवायचं. मामाला गोल विचारला की तो म्हणायचा, "मला काय त्याचं? कितवा मजला?" देशाचा संघ त्याने मनातून काढून टाकला होता.

पण पूर्ण काढून टाकणं त्याला जमलं नव्हतं. माझ्या मागच्या भिंतीवर त्याने खडूने मैदान आखलं होतं आणि गोल लोहचुंबकांवर कागद चिकटवून त्यावर नावं लिहिली होती. ते अकरा लोहचुंबक म्हणजे मामाचा देशाचा संघ, खरा संघ, जो निवडायला हवा होता आणि कधीच निवडला गेला नाही. गोलात 'भिंत'. बचावाला 'घोरपड', कारण तो एकदा चिकटला की सुटायचा नाही. उजवीकडे 'वकील', जो पंचाशी पाच मिनिटं वाद घालायचा आणि तेवढ्यात बाकीच्यांना दम खायला मिळायचा. मामा रोज सकाळी कुणाला दोन बोटं पुढे, कुणाला मागे सरकवायचा. एकच लोहचुंबक त्याने कधी हलवला नाही. आघाडीच्या मागे, बरोबर मधोमध, तो असायचा. त्यावर लिहिलं होतं 'भिंगरी'.

भिंगरी हा मामाचा धाकटा भाऊ. पायात चेंडू आला की असा गरकन फिरायचा, की समोरचा उलट्याच दिशेला धावत सुटायचा. विसाव्या वर्षी त्याला देशाच्या संघाच्या शिबिराचं बोलावणं आलं. मामाने चाळभर पेढे वाटले. शेवटच्या महत्त्वाच्या सामन्याला मामा दोन दिवस बसचा प्रवास करून गेला. भाऊ राखीव खेळाडूंच्या बाकावर होता. तीनदा त्याला अंग गरम करायला उठवलं आणि तीनदा परत बसवलं. शेवटी मैदानात गेला तो निवड समितीतल्या कुणाचा तरी भाचा. संघ हरला. आठवड्याभरात सरावात भिंगरीचा गुडघा गेला, आणि शिबिरात एकूण अकरा महिने काढून तो एकही सामना न खेळता लंगडत घरी आला.

तेव्हापासून मामाने घरात फुटबॉलचा शब्द काढला नाही. भावाच्या जखमेवर मीठ नको, असं त्याने ठरवलं आणि तोंडाला कुलूप घातलं.

आता गंमत ऐका. तो धाकटा भाऊ पुढे लिफ्टचा मेकॅनिक झाला. त्यानेच रदबदली करून मामाला इथे नोकरीला लावलं, आणि माझी देखभालही त्याच्याकडेच होती. महिन्याच्या पहिल्या सोमवारी तो पेटी घेऊन यायचा. त्या सकाळी मामा काय करायचा माहीत आहे? तो येण्याआधी सगळे अकरा लोहचुंबक काढून डब्यात भरायचा आणि ओल्या फडक्याने मैदान पुसून टाकायचा. एकोणीस वर्षं दर महिन्याला. भाऊ आत यायचा, माझ्या दोरांना वंगण लावायचा, कोऱ्या भिंतीला टेकून चहा प्यायचा. दोघं हवापाण्याच्या गप्पा मारायचे. दोघांच्या मधोमध जो विषय उभा असायचा, त्याला कुणी बस म्हणायचं नाही.

आणखी एक चमत्कारिक गोष्ट. फुटबॉल संघटनेची कचेरी याच इमारतीत सहाव्या मजल्यावर होती. ज्यांचं तोंड बघायचं नाही, त्यांनाच मामा दिवसातून चारदा वर पोचवायचा. निवड समितीचे एक साहेब भिंतीकडे बघून एकदा म्हणाले, "मामा, तुमची डावी बाजू कच्ची आहे."

"सहावा मजला आला, साहेब," मामा म्हणाला.

एकोणिसाव्या वर्षी एका सोमवारी मात्र घोळ झाला. भाऊ अर्धा तास आधीच आला. मामाची तारांबळ उडाली, भराभर लोहचुंबक काढताना भिंगरी हातातून निसटला आणि दाराच्या उंबरठ्यातल्या खाचेत जाऊन बसला. भाऊ गेल्यावर मामाने खूप शोधला, मग हताश होऊन नवा बनवला. मला ठाऊक होतं तो कुठे आहे. पण मी बोलणार कशी? दार सरकलं की तो थोडा थोडा कोपऱ्याकडे जात होता आणि त्याच्याभोवती मळ साचत होता.

मग तो दिवस उजाडला. दुपारचे साडेतीन वाजले होते. मामाची मुलगी आत आली. तिला घरी बारकी म्हणत, पण ती बापाहून वीतभर उंच होती. सतरा वर्षांची, डाव्या पायाने खेळणारी. तिच्या हातात एक कागद होता. मुलींच्या राष्ट्रीय फुटबॉल शिबिराचं बोलावणं तिला आलं होतं आणि वडिलांची सही होऊन तो कागद पाच वाजेपर्यंत सहाव्या मजल्यावर द्यायचा होता. मामाने घरी तीनदा नाही म्हटलं होतं.

"सहावा मजला," बारकी म्हणाली.

"जिना आहे की. खेळाडू ना तू?"

"बाबा, चेष्टा नको. आज शेवटचा दिवस आहे."

मामाने दार ओढलं. मी निघाले. चौथा मजला गेला आणि खाचेतल्या त्या लोहचुंबकाने घात केला. दार नीट बसलं नव्हतं, ते हादऱ्याने बोटभर मागे सरकलं आणि मी चौथ्या-पाचव्याच्या मध्ये जागच्या जागी थबकले. मामाने दार ओढलं, ढकललं. ते ना पुढे जाईना ना मागे. त्याने घंटा वाजवली. खालून पहारेकऱ्याचा आवाज आला, "मामा, घाबरू नका! मेकॅनिकला फोन केलाय, जवळच आहे तो!"

हे ऐकलं आणि मामा खरोखर घाबरला. अडकल्यामुळे नव्हे. तो उठला आणि भिंतीवरचे लोहचुंबक उपटायला लागला.

"हे काय करताय?" बारकीने विचारलं.

"काका येतोय तुझा."

"मग?"

"त्याला हे दिसायला नको. उगाच जुनं आठवेल."

बारकी भिंतीला पाठ लावून उभी राहिली. "आधी सही करा, मग काढा."

"बाजूला हो."

"नाही होणार. काकाचं जे झालं, त्याची शिक्षा मला का?"

"शिक्षा नाही गं!" मामाचा आवाज चढला. माझ्या पत्र्यात तो घुमला. "तुला ठाऊक नाही ती माणसं. बाकावर बसवून ठेवतील. कुणाची तरी भाची खेळेल आणि तू बाटल्या उचलशील. माझ्या डोळ्यांदेखत आणखी एकीला मी तसं बघणार नाही."

बारकी रडायला लागली, पण जागची हलली नाही. मित्रांनो, एवढीशी माझी जागा, त्यात दोन माणसं आणि दोघांनाही बाहेर पडायला वाट नाही. मला माझीच लाज वाटली.

तेवढ्यात वर पाचव्या मजल्याचं दार वाजलं. भाऊ पालथा झोपला आणि दीड वितीच्या फटीतून त्याने बॅटरी मारली. "दादा, ठीक आहेस ना? बारकीपण आहे का? जरा मागे व्हा." त्याने आकड्याची लांब तार खाली उंबरठ्यापर्यंत सोडली आणि खाच खरवडली. टक्कन काहीतरी तारेला चिकटलं. त्याने ते वर घेतलं आणि अंगठ्याने मळ पुसला.

मग बॅटरी जवळ धरून त्यावरची अक्षरं वाचली.

"यावर माझं नाव कसं काय?"

मामाने मान खाली घातली. भावाने बॅटरी माझ्या भिंतीवर फिरवली. बारकी हळूच बाजूला झाली. मैदान दिसलं, भिंत, घोरपड, वकील दिसले आणि मधोमध दुसरा, नवा भिंगरी दिसला.

"कधीपासून आहे हे?"

"मी आलो तेव्हापासून," मामा पुटपुटला. "तू यायच्या आधी काढून ठेवायचो. तुला त्रास नको म्हणून."

"त्रास?" भाऊ हसायला गेला. "दादा, मला वाटायचं तुला माझी लाज वाटते. एवढा दोन दिवस बसने प्रवास करून आलास आणि मी नुसता बसून होतो. परत आल्यावर तू एकदाही शिबिराचं विचारलं नाहीस. एकदाही नाही."

मामा स्टुलावर बसला.

"मी तुझ्यासाठी त्या लोकांवर जळत होतो रे," तो म्हणाला.

"जळ की. मीपण जळलो. सामन्याच्या रात्री उशीत तोंड खुपसून रडलो. पण ते अकरा महिने, दादा... रोज सकाळी त्या गवतावर बूट बांधायचे. गोलात उभ्या त्या 'भिंती'समोर सरावात मी सात गोल मारलेत, कुणाला ठाऊक आहे? सांगायला होतं कोण? आजही बोलावलं तर याच गुडघ्याने जाईन."

"काका," बारकी मध्येच म्हणाली, "मला बोलावलंय. पाचपर्यंत सही हवी."

भावाने तोंड फटीजवळ आणलं. मग भाऊ म्हणाला, "दादा, माझं नाव पुढे करून अडवू नकोस तिला."

"तिलाही बसवतील."

"बसवतीलही. तिचं ती बघेल."

मामाने भिंतीवरच्या भिंगरीकडे पाहिलं. मग त्याने हात पुढे केला. "आण तो कागद."

बारकीने कागद माझ्या भिंतीवर धरला. तो वाकडा होऊ लागला, तेव्हा मामाने भिंत, घोरपड, वकील आणि भिंगरी उचलले आणि कागदाच्या चार कोपऱ्यांवर बसवले. मग त्याने सही केली. हात इतका दाबला की अक्षरं माझ्या पत्र्यावरच्या खडूत उमटली. भावाने दार मोकळं करून मला पाचव्या मजल्याला लावलं. बारकी उरलेला एक मजला जिन्याने पळत गेली. पाचला दहा मिनिटं कमी होती.

बारकी शिबिराला गेली. चार महिन्यांनी पहिला सामना आला आणि संघटनेच्या साहेबांनीच आत शिरताना सांगितलं, "मामा, तुमची मुलगी राखीव आहे." मामाची मूठ वळली.

पुढच्या सोमवारी भाऊ पेटी घेऊन आला. अकराही जण भिंतीवर होते. आता ते काढायचं कारण राहिलं नव्हतं. वंगण लावून झालं, चहाही झाला. मामाने दार ओढून घेतलं आणि मला उगाचच सातव्या मजल्याकडे नेलं.

"बाकावरून सामना कसा दिसतो रे?" त्याने विचारलं. "ती एकटी तिथे बसेल, मला कळू तरी दे."

भाऊ सांगायला लागला. बाकावरून सगळं मैदान कसं दिसतं, धावणाऱ्याला न दिसणारी मोकळी जागा कशी दिसते, नाव घेतलं की हात आधी बुटांच्या नाड्यांकडे कसे जातात, पुन्हा बसवल्यावर शेजारचा न बोलता पाण्याची बाटली कशी पुढे करतो. मामा मध्ये मध्ये विचारत होता. आम्ही वर गेलो, खाली आलो, पुन्हा वर गेलो. मजल्यामजल्यावर माणसं घंटा वाजवत राहिली आणि त्या दिवशी मामाने कुणासाठीच दार उघडलं नाही.

आता मामा सेवानिवृत्त झाला आहे. माझ्या शेजारच्या बोळात बटणांची नवी लिफ्ट आली. मला तळमजल्यावर उभं करून दाराला कुलूप लावलं आहे आणि माझ्यात झाडू आणि बादल्या ठेवतात. बारकी पुढे मैदानात उतरली की नाही, ते मला कुणी सांगितलेलं नाही. बंद दाराआड उभी राहून मी तेवढ्या एका बातमीची वाट बघते.

मित्रांनो, यंत्र अडकलं की घंटा वाजते आणि मेकॅनिक धावत येतो. माणूस अडकला तर तसं काही वाजत नाही. म्हणून तुमच्या घरात कुणी एखाद्या गोष्टीबद्दल वर्षानुवर्षं गप्प असेल, तर त्याला जपतो आहोत असं समजून तुम्हीही गप्प बसू नका. जवळ बसा आणि विचारा. त्या दोघा भावांना एकमेकांपर्यंत यायला वीसहून जास्त वर्षं लागली, आणि दर महिन्याला ते माझ्या आत हातभर अंतरावर बसून चहा पीत होते.