बर्फासाठी घेतलेली गाडी

मित्रांनो, अमेरिकेतल्या नोव्हाय गावातल्या एका गराजमध्ये मी उभी आहे. मी एक जुनी गाडी, खास बर्फात आणि चिखलात चालण्यासाठी बनवलेली. माझी कहाणी सांगताना मात्र मान वर करवत नाही.

कारखान्यात माझ्याबरोबर माझ्या बहिणीही बनल्या. इंजिन, गिअर, चारही चाकांना जोर देणारा दांडा, सगळं आम्हा सगळ्यांना सारखंच मिळालं. साध्या बहिणींना रबरी चटया आणि हाताने फिरवायच्या काचा मिळाल्या. मला मखमली सीट, मऊ गालिचा आणि दारांवर लाकडासारखा दिसणारा कागद मिळाला. कागदच तो, पण लोक त्यावर हात फिरवून "वा!" म्हणत. माझा पहिला मालक दाताचा डॉक्टर होता. त्याने मला गोल्फच्या मैदानापलीकडे कधी नेलंच नाही.

१९८५ च्या ऑक्टोबरात मी जुन्या गाड्यांच्या दुकानात आले. शेजारी माझी एक साधी बहीण उभी होती. तिथे दिगंबर आणि उत्तरा आले. दिगंबर गाड्यांच्याच कंपनीत इंजिनिअर. उत्तराला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नवी नोकरी लागली होती, अजून पर्मनंट व्हायची होती. पहाटेची शिफ्ट चुकली तर नोकरी जाईल, अशी तिला ताकीद मिळालेली. त्यांची छोटी गाडी बर्फात घसरायची, म्हणून ही खरेदी.

दिगंबर आम्हा दोघींच्या खाली वाकून पाहून आला आणि म्हणाला, "मेकॅनिकली दोन्ही सेम आहेत."

"मग साधी घेऊ या की. बुटांचा बर्फ रबरावरून झटकन पुसता येतो."

"अगं, दिवाळीला आपल्या मराठी मंडळात ती घेऊन जायची? इथे टपालवाले असल्याच साध्या गाड्या चालवतात. मंडळातला प्रताप म्हणेल, पोस्टमनची नोकरी धरलीस का यार?"

"प्रताप येणारे का पहाटे मला सोडायला?"

दिगंबर हसला आणि त्याने मला घेतलं. इंजिनिअर माणूस सगळं तपासतो, फक्त आपण कोणासाठी खरेदी करतोय ते तपासायचं राहून जातं.

दिवाळीच्या कार्यक्रमाला शाळेच्या पार्किंगमध्ये माझ्याभोवती गर्दी जमली. काकू मंडळी पैठण्या सावरत, चपला बाहेर काढून आत बसल्या, देवघरात शिरल्यासारख्या. प्रतापने दाराचं लाकूड ठोकून पाहिलं. "ओरिजिनल?" दिगंबर नुसता हसला. मी शरमेने चूर झाले.

डिसेंबरात पहिला मोठा बर्फ पडला. उत्तरा बूट घालून, माझी किल्ली हातात घेऊन गराजमध्ये आली. मी सोलापुरी चादरीखाली उभी होते. मागून दिगंबर धावत आला.

"आज नको गं हिला! बर्फ वितळवायला रस्त्यावर किती मीठ टाकलंय बघ. पत्रा खाऊन टाकतं ते. आणि तुझे बूट... कार्पेट एकदा खराब झालं की झालं. आज ती छोटी ने, हळू चालव."

"ही बर्फासाठीच घेतली ना आपण?"

"एवढ्या वाईट बर्फासाठी नाही."

त्यांची दहा वर्षांची मुलगी सुनेत्रा दुधातल्या सीरियलचा बाउल घेऊन दारात उभी होती. ती म्हणाली, "डॅड, दॅट मेक्स नो सेन्स." दिगंबरने तिला शाळेची बॅग भरायला पाठवलं.

दिगंबरने माझा गालिचा जमेच्या बाजूला धरला. उत्तराची नोकरी त्याने कुठल्याच बाजूला धरली नाही. उत्तरा छोटी गाडी घेऊन गेली. माझी चारही चाकं कोरडी, टाकी भरलेली, आणि ती त्या रस्त्यावर एकटी.

ती दुपारी परतली, अडकलेल्या गाड्या ओढून आणणाऱ्या टो-ट्रकमध्ये बसून. छोटी गाडी वळणावर घसरून खड्ड्यात गेली होती. ती बर्फातून पेट्रोल पंपापर्यंत चालत गेली आणि तिथून लॅबला फोन केला. तिला काही लागलं नव्हतं. पण तिच्या जागी दुसरं माणूस घेतोय, असं लॅबने फोनवरच सांगितलं.

ती घरात गेली नाही. तिने चादर ओढून खाली टाकली, दार उघडलं आणि माझ्या आत बसली. गाडी सुरूही केली नाही. बुटांचा काळा, खारट बर्फ गालिच्यावर वितळत राहिला. दिगंबर फडकं घेऊन आला, पण त्याला वाकवेना.

"उत्तरा, मी..."

"पूस ना. थांबलास का?"

त्याने पुसलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून उत्तरा मला घेऊन नोकरी शोधायला निघाली. ती मिळायला उन्हाळा उजाडला. पुढे मिठाने माझा पत्रा खाल्ला, दाराचा कागद सुटला. काकू आता चपलांसकट बसतात, आणि मला तेच बरं वाटतं.

मित्रांनो, गंजाची मला लाज नाही. त्या सकाळी मी स्वच्छ राहिले, याची आहे. आम्हाला जपायचं असेल तर धुवा, तेल द्या, पुसा. पण ज्या माणसासाठी आम्हाला घरी आणलंत, ते बाहेर पडत असेल तेव्हा आम्हाला झाकून ठेवू नका.