पाच तारे आणि ‘कर परत’

“वहिनी, या स्टिकरचा फोटो कुठं टाकू नका हां. त्यावरचा नंबर वाचता येतो,” मला भिंतीवर बसवताना तुषार मिस्त्री म्हणाला होता. “स्टिकरला काय सोनं लागलंय?” म्हणत रुचिरानं फोटो काढला. सासूबाईंनी, पुष्पावतीआजींनी, तो सगळ्या ग्रुपांवर पाठवला.

मित्रांनो, मी एक जुना एसी आहे. जुना म्हणजे तीन उन्हाळे काढलेला. मी वीज कमी खातो, म्हणून कारखान्यात माझ्या छातीवर पाच तारे चिकटवले. घाट चढून जव्हारला आलो आणि पहिलाच टोमणा आजींचा ऐकला. “जव्हारात एसी? उद्या धबधब्याला पंखा लावा!” पण घामोळ्यांनी किरकिरणारा रुचिराचा छोटा प्रांजल माझ्याखाली निजला, तेव्हापासून दुपारी आजीही त्याच्याशेजारी लवंडू लागल्या.

आज सकाळी रुचिरा प्रांजलला न्हाऊ घालत होती. आजींचा फोन वाजला. त्यांनी तो स्पीकरवर टाकला.

“आजी, तुमच्या एसीला पाच तारे ना? नंबराच्या शेवटी सात-दोन-नऊ? वीज वाचवणाऱ्यांना सरकार आयकर परत देतंय. आजच शेवटचा दिवस.”

माझा नंबर याला कसा ठाऊक? मला संशय आला. आजींची मात्र खात्रीच पटली. त्यांच्या पेन्शनचं खातं त्याच फोनवर. त्यानं पाठवलेल्या पानावर त्यांनी सगळं भरलं. खाली बटण होतं: कर परत.

“कर परत,” आजींनी मोठ्यानं वाचलं आणि दाबलं. ओटीपी आला. तो सांगता सांगता नजर पुन्हा बटणावर गेली. “परत कर म्हणतंय.” परत दाबलं. नवा ओटीपी आला, आधीचा बाद.

“आजी, हा चालत नाही.”

“मग परत करते. लिहिलंयच तसं!”

चौथ्या वेळी त्या आवाजातली साखर संपली. “अरे माताजी, एक ही बार दबाना था!”

रुचिरा साबणाच्या हातांनीच धावत आली. “आई, कोण आहे?”

“सरकार.”

“सरकार असं खेकसतं?” तिनं फोन घेऊन बंद केला. आधी बँकेला सांगून खातं थांबवलं. मग त्यांचं रिटर्न भरणाऱ्या श्रीकृष्णकाकांना विचारलं. “घरच्या एसीला आपल्या फॉर्मात रकानाच नाही गं,” ते म्हणाले.

रुचिरानं माझ्या ताऱ्यांकडे पाहिलं. तुषारचं बोलणं तिला आठवलं असावं. मला अंगावरून स्टिकर ओरबाडून टाकावंसं वाटलं.

“आई, आणखी काय विचारलं त्यानं?”

“असे तारे आणखी कुणाकडे आहेत, म्हणाला. मी सकूचा फ्रिज सांगितला. तिचा फोन नंबरही दिला. एकटी असते बिचारी, तिचंही भलं होईल.”

सकूमावशी, आजींच्या बहीण, जवळच्या साखरशेत गावात राहतात. रुचिरानं फोन लावला. बिझी. पुन्हा लावला. बिझी. प्रांजलला आजींच्या मांडीवर देऊन ती ओल्या कपड्यांनिशीच स्कूटरवर निघाली.

ती अजून परतलेली नाही. खाली आजी आता कुणाचाच फोन उचलत नाहीत. नुसत्या दाराकडे बघतात.

मित्रांनो, माझी जाळी धुळीनं भरली आहे, पण ती नंतर धुवा. तुमच्या ओळखीतही एखादी सकूमावशी एकटी असेल. तिला आत्ता फोन करा. लाइन बिझी लागली, तर वाट बघत बसू नका. जाऊन या.