दीदीनं मान हलवली

बसा भिया, बसा, उतरू नका. पार राजवाड्यापर्यंत गाड्या अडकल्यात, पायी निघालात तरी कुणाचं ना कुणाचं चाक पायावरून जाणार. फोनवर मराठी ऐकलं तेव्हाच ओळखलं, महाराष्ट्रातून इंदौरला नोकरीवर नवीन आलात. ऐका तर. असा किस्सा सांगतो की जाम सुटला तरी तुम्ही उतरायचे नाहीत. ह्याच ई-रिक्षाचा किस्सा. तुम्ही बसलात ना, त्याच सीटवर बसून फिल्म निघालीय!

आमच्या गल्लीत निवेदिता मॅडम राहतात, कॉलेजात शिकवतात. त्यांची पोरगी ऋजुता. तिला शाळेत मीच सोडायचो. एक दिवस दुपारी गळ्यात कॅमेरा लटकवून धावत आली. म्हणे, "शंकरकाका, दिल्लीच्या फिल्म शाळेत नंबर लागायचा तर आपल्या शहराच्या रस्त्याची दहा मिनिटांची फिल्म पाठवायचीय. एका दमात काढायची, मध्ये कापायची नाही. आज पाचपर्यंत गेली तर गेली, नाही तर सीट गेली."

मी बोललो, "बस? इतकंच? चढ मागं."

शीतलामाता बाजारातून निघायचं, राजवाड्यासमोरून कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपर्यंत, म्हणजे राजघराण्याच्या त्या दगडी समाध्या. माझ्या गाडीत भरला चहाचा गिलास ठेवा, थेंब सांडणार नाही. म्हणून तिला मीच पाहिजे होतो. तिची अट एकच. कॅमेऱ्याकडं कुणी बघायचं नाही. रोज चालतं तसंच चाललं पाहिजे.

आता भिया, मी ह्या रस्त्यावर तीस वर्षं. पहिले टेम्पो, मग ही गाडी. दहा पावलं नाही गेलो तर सुरू! "शंकर भिया, राम राम!" "ओ भिया, किसको घुमा रिये हो?" एकानं तर गरम कचोरी थेट कॅमेऱ्यासमोर धरली. "बाई, पेले खाओ, फिर खींचो." खावी लागली बिचारीला. पहिला शॉट कचोरीत गेला.

मी बोललो, थांब, मी बंदोबस्त करतो. उतरून पूर्ण बाजारात सांगून आलो, खबरदार, कॅमेऱ्याकडं कुणी बघायचं नाही, पोरीच्या जिंदगीचा सवाल आहे. आणि बाजार भोत इज्जत करतो माझी. दुसऱ्या वेळी निघालो तर काय बघतो? अख्खा बाजार भिंतीकडं तोंड करून उभा! साडीवाला पाठमोरा, गिऱ्हाईक पाठमोरं, मध्ये साडी. पोहेवाला मागं न बघता हात मागं करून प्लेट देतोय आणि पोह्यावरचा जिरावन मसाला माझ्या काचेवर पडतोय. सासरा आल्यावर नव्या सुनेनं करावं तसं सगळ्यांनी करून ठेवलं. मला तर भारी वाटलं, किती शिस्त! मागं वळून बघतो तर पोरीच्या डोळ्यांत पाणी.

"काका," ती म्हणाली, "बाजार ठीक आहे. प्रॉब्लेम तुम्ही आहात."

लागलं ना भिया मनाला. पण खोटं नव्हतं. चार वाजून गेले होते, कॅमेऱ्यात बॅटरीची एक दांडी उरली होती. मतलब एकच चान्स.

बाजाराला सांगून आलो, शूटिंग संपलं, लागा कामाला. मग तिनं आपला स्टोल काढला. गुलाबी, त्यावर बारीक फुलं. आमच्या इंदौरच्या पोरी स्कूटीवर बसताना तोंडाला गुंडाळतात ना, दिसतात फक्त डोळे, तसा मला गुंडाळला. मिशा आत दाबल्या. वर तिचा काळा चष्मा.

"आणि काका, एक शब्द नाही बोलायचा. आवाजसुद्धा रेकॉर्ड होतोय."

"हओ," मी बोललो.

"हओ पण नाही."

निघालो. आणि भिया, काय सांगू! कुणी बघेना! माझ्याच बाजारात मला कुणी ओळखेना! एक बाई साडी कोपरापासून मोजतेय आणि दुकानदाराला सांगतेय की त्याचा हात आखूड आहे. दोघं जण हातठेल्यावर फ्रिज नेतायत आणि तिसरा त्या फ्रिजला टेकून फोनवर बोलत चाललाय, जसं काही घर त्याचंच सरकतंय. बांगड्यांच्या दुकानात एक म्हातारा बायकोसाठी बांगड्या आपल्या हातात घालून बघतोय. मागून एक स्कूटरवाला ओरडला, "ओ दीदी, साइड में लो!" मी साइड में घेतली. तीस वर्षांत हे मला दिसलंच नव्हतं यार, कारण मी सारखा बोलत असायचो!

राजवाडा गेला. सहा मिनिटं झाली. कृष्णपुऱ्याच्या वळणावर आलो आणि गाडी अडकली. पुढं ट्रॅक्टर, मागं बस. आणि बाजूला, हातभर अंतरावर, बाळकृष्ण.

बाळकृष्ण म्हणजे चाव्या बनवणारा, माझा जुना दोस्त. चार गिऱ्हाइकं जमवून किस्सा सांगत बसला होता. कुठला किस्सा? माझा! साडीच्या दुकानात सांड घुसला होता, सगळे पळाले, आणि मी जलेबी दाखवत दाखवत त्याला बाहेर आणला, तो. पूर्ण इंदौरला माहीत आहे तो कुणाचा. आणि हा बसून सांगतोय, "तो मैंने क्या किया भिया, गरमागरम जलेबी उठाई..."

मैंने! मी स्टोलच दातात धरला.

लोकं हसतायत. कुणी विचारलं, शंकर भिया पण होता ना तिथं? तर हा म्हणतो, "शंकर? वो तो काउंटर पे चढ़ के सर पे साड़ी ओढ़ के मम्मी-मम्मी चिल्ला रिया था!"

भिया, मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागून पोरीनं माझा शर्ट मुठीत धरला. इतका घट्ट की वरचं बटण गळ्यात रुतलं. दिल्ली त्या मुठीत होती. मी गिळलं.

आणि त्या बाळकृष्णनं काय करावं? वळला, सरळ माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "क्यों दीदी, झूठ बोल रिया हूँ क्या?"

चारी गिऱ्हाइकं माझ्याकडं बघतायत. पोरीच्या कॅमेऱ्याकडं कुणाचं लक्ष नाही. आणि मी, सांड बाहेर काढणारा मी, मान हलवली. बरोबर आहे म्हणून!

ट्रॅक्टर हलला. तीन मिनिटं कशी काढली, मला माहीत. छत्र्या आल्या, पोरगी किंचाळली, "झालं! काका, झालं!" आणि रस्त्यात नाचायला लागली. मीही नाचलो, स्टोलसकट. लोकांना वाटलं कुणाचं लग्न जमलं. पाचला सात मिनिटं कमी असताना तिनं तिथंच छत्रीच्या पायऱ्यांवर बसून फिल्म पाठवली.

नंबर लागला भिया! आज दिल्लीत आहे ऋजुता. फिल्म मोबाइलवर कुणीही बघू शकतं. आणि सगळ्यात जास्त कोण बघतो? बाळकृष्ण! चावी बनवायला आलेल्या प्रत्येकाला दाखवतो, "देख लो, रस्ते चलती दीदी ने भी हाँ बोला." आता मी काय बोलू? ती दीदी मी होतो सांगितलं तर उद्यापासून अख्खा बाजार मला दीदी म्हणणार.

पण एक गोष्ट आहे. फिल्म चालते तेव्हा खाली इंग्रजी अक्षरं येतात, कोण काय बोललं ते. ऋजुताला फोनवर विचारलं तर म्हणाली, "काका, तिथं मी खरं तेच लिहिलंय," आणि हसायलाच लागली. मी चौथी नापास. बाजारात कुणाकडून वाचून घेतलं तर गोष्ट फुटते. तुम्ही नवीन आहात, बाळकृष्णला ओळखत नाही.

हा घ्या माझा मोबाइल. सातव्या मिनिटावर लावून ठेवलंय. वाचून सांगा ना भिया, त्या अक्षरांत जलेबी कुणाच्या हातात आहे, माझ्या की त्याच्या?