घरातलं ते

दूध संपवलं ते त्यानं. बाथरूमचा दिवा चालू ठेवला, ओला टॉवेल पलंगावर टाकला, बिस्किटांचा डबा उघडा ठेवून बिस्किटं मऊ पाडली, सगळं त्यानंच. हे कोण, म्हणाल, तर कोणीच नाही. लग्नाला सहा वर्षं झालेल्या एका जोडप्याला न झालेलं मूल.

सुरुवात बायकोनं केली. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती, म्हणून नवरा तिला चष्मेवाली म्हणायचा. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, म्हणून ती त्याला मिस्त्री म्हणायची. दवाखान्यातून दुसऱ्यांदा ‘नाही’ ऐकून दोघं घरी आली, त्या दिवशीची गोष्ट. मिस्त्रीनं चहासाठी फ्रिज उघडला, तर दुधाची बाटली रिकामी.

“रिकामी बाटली परत आत कोण ठेवतं?” तो करवादला.

एरवी एवढ्यावरून घर डोक्यावर घेतलं गेलं असतं. पण ती शांतपणे म्हणाली, “त्यानं ठेवली.”

“त्यानं म्हणजे कोणी?”

“आपल्या मुलानं. दुसरं आहे कोण घरात?”

फ्रिजचं दार उघडं टाकून दोघं हसत सुटली, आणि हसता हसता रडायला कधी लागली ते त्यांनाही कळलं नाही. तेव्हापासून घरातली भांडणं निम्म्यावर आली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात तसला प्रकार, पण इथे संन्याशाचीही काही तक्रार नव्हती.

एक नियम मात्र न ठरवता ठरला होता. मुलगा की मुलगी, हे दोघांनीही कधी म्हटलं नाही. आपल्या भाषेत मूल सोयीस्करपणे ‘ते’ असतं. ते आलं, ते रुसलं, ते झोपलं. एकदा का तोंडातून ‘अरे’ किंवा ‘अगं’ निघालं की मुलाला चेहरा येतो, आणि चेहरा असलेलं मूल नसणं फार अवघड. म्हणून दोघंही जपून बोलायची.

मिस्त्रीच्या धंद्यात भुताखेतांना जागा नव्हती. आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी सोसायटीवाला घाबऱ्याघुबऱ्या फोन करायचा, “लिफ्ट आपोआप चौथ्या मजल्यावर येते हो!” मिस्त्री जायचा, चौथ्या मजल्याचं चिकटलेलं बटण स्क्रू ड्रायव्हरनं मोकळं करायचा आणि ठरलेलं वाक्य ऐकवायचा, “आपोआप काही होत नसतं. कोणीतरी बटण दाबलेलं असतं.” दार बंद होत नसलं तर त्याचंही कारण ठरलेलं. दाराच्या कडेला गुडघ्याच्या उंचीवर एक बारीक काच असते, तिच्यातून निघालेला किरण समोरच्या काचेवर पडतो. मध्ये कोणी उभं असेल तर दार मिटत नाही. कोणी नसताना मिटत नसेल तर काचेवर धूळ. रुमालानं पुसायची आणि घरी जायचं.

म्हणून स्टुलाचं त्यानं आधी मनावर घेतलं नाही. बल्ब बदलायला त्यानं एक बुटकं लाकडी स्टूल केलं होतं. ते माळ्याखाली भिंतीशी असायचं. पण सकाळी दात घासायला गेलं की ते बेसिनसमोर सापडायचं. बायको गंमत करतेय, असं समजून तो ते पायानं बाजूला सारायचा आणि ओरडायचा, “याला सांग, स्टूल जागच्या जागी ठेव म्हणावं!” तीही आतून ओरडायची, “ऐकतंय कुठे!” असे दोन महिने गेले.

एका रविवारी दोघं बाल्कनीत कपडे वाळत घालत होती. ती सहज म्हणाली, “ते स्टुलाचं आता पुरे हं. परवा अंगठा ठेचला माझा.”

“मी कुठे ठेवतो? तूच ठेवतेस ना?”

तिच्या हातात चिमटा तसाच राहिला. तिनं त्याच्याकडे पाहिलं, त्यानं तिच्याकडे पाहिलं. सहा वर्षांच्या संसारात माणसाला आपल्या माणसाचं खोटं ओळखता येतं. दोघंही खरं बोलत होती.

“झोपेत चालत असशील तू,” मिस्त्री म्हणाला.

“असेन,” ती म्हणाली, आणि उरलेले कपडे तिनं न झटकताच दोरीवर टाकले.

दवाखान्यात त्यांचा एकच गर्भ शिल्लक होता, गोठवून ठेवलेला. हा शेवटचा प्रयत्न, यानंतर मी तुम्हाला आग्रह करणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं होतं. तारीख ठरली. सुनेला विश्रांती मिळावी म्हणून मिस्त्रीची आई आठवडाभर राहायला आली. बाई मोठ्या फटकळ, पण मनानं चांगल्या. ‘आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार’ असं एका मावशीनं लग्नघरात सुनेला ऐकवलं होतं, तेव्हा त्यांनी मावशीशी बोलणंच टाकलं होतं. नसलेल्या मुलाचा खेळ मात्र त्यांना कोणी सांगितला नव्हता. सांगायचा तरी कसा?

आईची झोपायची सोय छोट्या खोलीत केली होती. तिसऱ्या दिवशी दुपारी जरा आडवं होऊन त्या बाहेर आल्या, त्या कपाळाला आठ्या घालूनच.

“मेली झोपू देईल तर शपथ. पायाशी बसून पांघरूण ओढत होती नुसती.”

चष्मेवाली कांदा चिरत होती. तिची सुरी थांबली.

“कोण, आई?”

“कोण म्हणजे...” आई बोलता बोलता अडखळल्या. त्यांनी छोट्या खोलीच्या दाराकडे पाहिलं, मग सुनेकडे. “स्वप्न पडलं असेल गं मला. वय झालं.”

पण संध्याकाळी त्यांनी उशी आणि पांघरूण उचलून बाहेरच्या सोफ्यावर आणलं. का, ते सांगितलं नाही, आणि कोणी विचारलंही नाही. दुसऱ्या दिवशी गुडघे दुखतात म्हणून त्या आपल्या घरी निघून गेल्या.

लिफ्टपर्यंत त्यांना पोहोचवून मिस्त्री परत आला, तर बायको जेवणाच्या टेबलाशी बसली होती. तिचा चेहरा उतरला होता.

“ओढत होती, म्हणाल्या. होती. आपण हे कधी म्हटलं होतं?”

“आईला स्वप्न पडलं.”

“मिस्त्री, मला भीती वाटते. ते आहे म्हणून नाही रे. ते आहे, म्हणून दुसरं येत नसेल तर? जागा भरलेली असेल, तर येणारं येणार कुठे?”

“अगं, असं काही नसतं.”

“तूच म्हणतोस ना, आपोआप काही होत नसतं म्हणून? आपणच बटण दाबलं. बोलावलं, म्हणून आलं. आता परवा तारीख आहे. त्याला जायला सांग. माझ्या तोंडून निघणार नाही.”

मिस्त्रीला हसू यायला हवं होतं, ते आलं नाही. ज्या बाईनं चार वर्षं इंजेक्शनं टोचून घेतली, तिला नाही कोणत्या तोंडानं म्हणायचं? तो उठला. छोट्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला. खोलीत रिकामा पलंग, इस्त्रीचं टेबल आणि खिडकीतून आलेलं ऊन. त्याला स्वतःची लाज वाटत होती.

“हे बघ,” तो म्हणाला. “तुझा काही दोष नाही. पण आता इथे राहू नको. जा.”

त्यानं घराचं दार उघडून धरलं. बाहेर लिफ्ट त्यांच्याच, तिसऱ्या मजल्यावर उभी होती, आई खाली गेल्यावर वर कधी आली कोणास ठाऊक. तिचं दार उघडलं, थोडा वेळ उघडं राहिलं, मिटलं, आणि लिफ्ट खाली गेली. कोणीतरी खालून बोलावली असेल, असं मिस्त्रीनं स्वतःला सांगितलं. मागे टेबलाशी बायको तोंडात पदर कोंबून बसली होती.

त्यानंतर घर भलतंच शहाण्यासारखं वागायला लागलं. स्टूल माळ्याखाली. टॉवेल दोरीवर. संध्याकाळी बाटलीत सकाळी ठेवलेलं तेवढंच दूध. दिवा बंद केला की बंदच राहायचा. जिथे जे ठेवावं ते तिथेच, एक इंचही न हलता. मिस्त्री कामावरून यायचा आणि दारातच थबकायचा. इतकी शांतता त्यानं फक्त बंद पडलेल्या लिफ्टच्या खड्ड्यात उतरल्यावर ऐकली होती. एकदा त्यानं स्वतःच स्टूल बेसिनसमोर नेऊन ठेवलं आणि चोरासारखं परत जागेवर आणलं.

ठरल्या तारखेनंतर सतराव्या दिवशी दवाखान्यातून फोन आला. चष्मेवाली दुकानात गिऱ्हाइकाच्या कानामागे चष्म्याची काडी बसवत होती. “बरं,” ती फोनवर म्हणाली. मग काडी नीट बसवली, गिऱ्हाइकाला आरसा दाखवला, आणि मागच्या खोलीत जाऊन जमिनीवर बसली. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं.

घरी रोज जेवताना दोघांच्याही मनात तोच एक विचार असायचा. येणारं आलं नाही याचं दुःख होतंच. पण जे होतं, त्याला आपण आपल्या तोंडानं हाकललं. खरं मूल हवं म्हणून हाकललं, आणि ते निमूटपणे गेलं. हट्टसुद्धा केला नाही. मिस्त्रीला ते फार लागलं होतं. हट्ट करणारं मूल बाप विसरतो, निमूट गेलेलं कसं विसरणार?

असाच एक महिना गेला. एका संध्याकाळी तो बूट काढत होता, तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे काका जिन्यावरून धापा टाकत आले.

“अहो मिस्त्री, लिफ्टवाल्याच्याच मजल्यावर लिफ्ट अडकलीय! अर्धा तास झाला. दार मिटतच नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात ते हेच.”

“धूळ असेल काका. बघतो,” म्हणत मिस्त्रीनं त्यांना वाटेला लावलं आणि रुमाल घेऊन तो बाहेर गेला.

लिफ्ट उघडी उभी होती. आत दिवा, आत कोणी नाही. दार मिटायला निघायचं, अर्ध्यावर यायचं आणि अदबीनं मागे सरकायचं. पुन्हा निघायचं, पुन्हा मागे. त्यानं गुडघ्यावर बसून काच पाहिली. स्वच्छ होती. तरी रुमालानं पुसली. समोरचीही पुसली. बटणं दाबून पाहिली, एकही चिकटलेलं नव्हतं. दार पुन्हा निघालं आणि पुन्हा मागे सरलं. मिस्त्री गुडघ्यावरच राहिला. त्याच्या कारणांच्या पोतडीत आता काही उरलं नव्हतं. मध्ये कोणी उभं असेल तर दार मिटत नाही, एवढंच उरलं होतं.

ते उंबऱ्यावर उभं होतं. आत यावं की नाही, हे न कळून. ‘जा’ सांगितलं होतं, ‘ये’ कोणी म्हटलं नव्हतं.

त्याच्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगा. हात दाखवून अवलक्षण कशाला, असंही वाटलं. मुख्य भीती वेगळीच होती. बायकोला आता कुठे दोन घास जायला लागले होते. तिनं काळजावर दगड ठेवून मिटवलेली गोष्ट आपण परत घरात नेली, आणि ती किंचाळली तर? आपल्याला वेड्यात काढून माहेरी निघून गेली, तर? लिफ्टचा मेन स्विच बंद केला की काम भागलं असतं. सकाळी सगळं ठीक झालं असतं.

त्यानं रुमाल खिशात घातला.

“चुकलं माझं,” तो हळूच म्हणाला. “चल घरी.”

हात पुढे करायचं धैर्य झालं नाही. तो फक्त उठला, बाजूला झाला आणि वाट दिली. दार निघालं. अर्ध्यावर आलं. थांबलं नाही. मिटलं, आणि लिफ्ट खाली गेली, काकांनी बोलावली तशी.

मिस्त्री आपल्या दाराशी आला. दार उघडून त्यानं नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ धरून ठेवलं, मग लावलं. बायको स्वयंपाकघरातून हात पुसत येत होती. काय सांगायचं याची तो जुळवाजुळव करत होता. सांगायचं की नाही, हेच मुळी ठरत नव्हतं.

ती मध्येच थांबली. तिनं त्याच्याकडे पाहिलंच नाही. तिची नजर त्याच्या उजव्या हाताशी, कमरेच्या खाली खिळली होती. महिन्याभरात पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर रागासारखं काहीतरी आलं, आईला येतो तसल्या रागासारखं.

“किती उशीर केलास गं!” ती म्हणाली.